लेंटमध्ये औषधे सोडणे म्हणजे आत्मत्याग नव्हे : एक खुलासा

कोल्हापुरातील काही ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या असा संदेश फिरत आहे की, लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, ४० दिवसांत मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून स्वतःला देवाच्या हाती सोपवणे हाच खरा आत्मत्याग होय. या म्हणण्याला पवित्र शास्त्रात आधार नाही. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात (९:२३) येशू दररोज वधस्तंभ उचलून मागे येण्यास सांगतो; तिथे सोडायचा आहे तो स्वतःच्या इच्छेचा हट्ट, औषधोपचार नव्हे. प्रेषित पौलाने तर आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती आधी केली आणि मगच पित्याची इच्छा पूर्ण होवो असे म्हटले. समर्पणात वेदना लपवावी लागत नाही, ही गोष्ट मला यात सर्वांत मोलाची वाटते. जवळच्याच मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेही याच श्रद्धेतून. उपवास करणाऱ्यांनी बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आपले अन्न भुकेल्यांना वाटावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत.