मोबाइलवरची शिट्टी ऐकू आली म्हणजे कान तपासून झाला असं नाही

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचा आशय असा: कान तपासायला कुठे जायची गरज नाही, हेडफोन लावून सोबतची क्लिप ऐका. ८००० हर्ट्झपर्यंतची, म्हणजे अगदी बारीक सुराची, शिट्टी ऐकू आली की कान ठणठणीत. दवाखान्यातही हेच करतात आणि वर कानाचं मशीन गळ्यात मारतात. शेवटी, वय झालं की ऐकू कमी येणारच.

यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं, कारण हे वाचून लोक तपासणी टाळतात.

"दवाखान्यातही हेच करतात." नाही करत. आधी विचारपूस होते: त्रास एका कानाला की दोन्ही, कानात आवाज घुमतो का, चक्कर येते का, कारखान्यातल्या गोंगाटात काम केलंय का, टीबीची इंजेक्शनं घेतली होती का. मग कानात दिवा धरून बघतात. मळाचा खडा किंवा पडद्याचं भोक तिथेच दिसतं. त्यानंतर आवाजबंद खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, होते. साधारण २५० ते ८००० हर्ट्झचे सूर एकेका कानाला वेगळे ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. दाबलंत की आवाज १० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) उतरवतात, नाही दाबलंत तर ५ ने चढवतात. असं वरखाली करत प्रत्येक सुराचा तुम्हाला जेमतेम ऐकू येणारा आवाज शोधतात.

खरी गोम पुढे आहे. हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक बसवतात. त्याची पट्टी जरा घट्ट लागते, पण दुखत नाही. तो आवाज कानाचा पडदा टाळून हाडातून थेट आतल्या कानात पोचतो. हेडफोनमधून कमी आणि हाडातून नीट ऐकू आलं, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, पडद्यामागचं पाणी, फाटलेला पडदा, आखडलेली हाडांची साखळी. यातलं बरंचसं औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतं. दोन्हीकडून सारखंच कमी आलं, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत. या दोन्ही प्रकारच्या रुग्णांना ऐकू कमीच येतं, उपचार मात्र पूर्ण वेगळे. हा फरक कुठलीही क्लिप सांगू शकत नाही.

याच वेळी दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर सोडतात. काहींना वाटतं मशीन बिघडलं. पण हाडावरचं कंपन सगळ्या कवटीत पसरतं आणि चांगला कान वाईट कानाच्या वतीने उत्तर देऊन टाकतो. त्याला गुंतवून ठेवायला ती खरखर असते.

"शिट्टी ऐकू आली की कान ठणठणीत." फोनचा आवाज किती डेसिबल आहे हेच ठाऊक नसतं. फुल व्हॉल्यूमवर ऐकू आलं यातून काय कळणार? आणि ऐकायची असतात माणसं. वयानुसार आधी वरचे सूर जातात, म्हणजे स, श, फ, थ हे बारीक आवाज. स्वर शाबूत राहतात. मग भाजीवाला 'साठ' म्हणतो आणि आजोबांना 'आठ' ऐकू येतं. 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' ही तक्रार इथलीच. म्हणून चांगल्या तपासणीत शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात. ते शब्द मराठीतलेच असावेत असा आग्रह धरा. परक्या भाषेतला शब्द चुकला तर दोष कानाचा की भाषेचा, हे कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअर-डब्ल्यूएचओ' हे ॲपसुद्धा, गोंगाटात आकडे ऐकवून, फक्त तपासणीला जावं की नाही एवढंच सुचवतं.

"मशीन गळ्यात मारतात." या तक्रारीत तथ्य आहे. फुकट तपासणी करून लगेच यंत्राची किंमत सांगणारी दुकानं आहेत. पण त्यावर उपाय तपासणी टाळणं हा नव्हे. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे का, ते विचारा. ऑडिओग्रामची, म्हणजे तपासणीच्या आलेखाची, प्रत हक्काने मागून घ्या. त्यावर उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवलेला असतो. तो कागद घेऊन कुठल्याही कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाता येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्याबोलण्याच्या दोषांवरची राष्ट्रीय संस्था आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. एक लक्षात ठेवा: कागदावरचे ४० डेसिबल म्हणजे ४० टक्के बहिरेपण नव्हे. टक्केवारीचा हिशोब वेगळा असतो, तेव्हा हा आकडा सांगून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

"वय झालं की ऐकू कमी येणारच." हळूहळू, दोन्ही कानांना, बरेचदा कमी येतं. पण रात्री नीट झोपलात आणि सकाळी एक कान बंद, असं झालं तर त्याचा वयाशी संबंध जोडू नका. आतल्या कानाला अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइड देतात, आणि ती पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. मळ असेल म्हणून लसणीचं तेल घालून आठवडा काढू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाला दाखवा आणि ऑडिओमेट्री करून घ्या.