रेषा पुसल्याने पाणी थांबत नाही

चिपळूण शहरात पुराची हद्द दाखवण्यासाठी आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेला झालेल्या विरोधाचे खापर, या विषयावर प्रसिद्ध झालेल्या लेखात केवळ बांधकाम व्यावसायिकांवर फोडले आहे, ते मला अपुरे वाटते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पहिलीच्या आत बांधकामाला मज्जाव, दोहोंच्या मध्ये निर्बंध. अशा हद्दीत जागा आली की तिचा भाव पडतो, बँक कर्ज देताना हात आखडता घेते आणि जुन्या घराचा पुनर्विकास अडतो. म्हणून 2005 आणि 22 जुलै 2021 असे दोन महापूर सोसलेल्या शहरातही, ज्यांच्या दुकानात पाणी शिरले होते त्यांच्यापैकीच अनेकांनी या रेषांना हरकत घेतली.

शहराजवळून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीतला गाळ आधी काढा, ही त्यांची मागणी रास्तच होती. पण गाळ काढल्याने पुराची उंची काही प्रमाणात कमी होईल, सखल भागाचा उतार बदलणार नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठेत राहणारा माणूस आणि भराव टाकून नवे भूखंड विकणारा विकासक यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे (दुर्दैवाने हरकतीच्या निवेदनावर दोघांच्याही सह्या शेजारी शेजारी असतात). जुन्या घरांना वाढीव जोत्यासह पुनर्बांधणीची सवलत द्यावी, नव्या भरावाला मात्र मुळीच देऊ नये, आणि प्रत्येक खरेदीखतात पूररेषेची नोंद सक्तीची करावी.