त्वचादान अजून लागतं, तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय, काल तोच डोंबिवलीच्या मावशीकडून पण आला. म्हणे लॅबमध्ये आता कातडी तयार होते, तिचा स्प्रे मारला की भाजलेला माणूस चार दिवसांत बरा, त्यामुळे त्वचादानाची गरज संपली. वर हेही की त्वचा दिली तर बॉडी सोलल्यासारखी दिसते, अंत्यदर्शनाला ठेवता येत नाही.

लॅबमधली कातडी खरी आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी डिशमध्ये वाढवून दाखवल्या. २०१५ मध्ये तर जर्मनीत एका ७ वर्षांच्या मुलाला, ज्याची त्वचा जनुकातल्या दोषामुळे नुसत्या घासण्यानेही निघून यायची, त्याच्याच पेशी घेऊन, त्यात चांगला जनुक घालून, जवळपास ८० टक्के अंगावर नवी त्वचा बसवली. वाचताना डोळ्यांत पाणी येतं खरंच. पण पेशी वाढायला साधारण तीन आठवडे जातात, आणि निम्मं अंग भाजलेल्या माणसाला तेवढे दिवस उघड्या जखमांनी कसं ठेवणार, अंगातलं पाणी झिरपत राहतं, इन्फेक्शन होतं, आणि त्यातच माणूस हातचा जातो. तेव्हा जखम झाकायला दान केलेली त्वचा लागते. ती कायमची चिकटत नाही, दोन-तीन आठवड्यांनी निघते, पण नेमके तेच दिवस तर काढायचे असतात! शिवाय लॅबमधला तो पापुद्रा फक्त वरच्या थराचा, खालचा जाड थर त्यात नसतो, म्हणून फार नाजूक.

स्प्रेचं म्हणाल तर ते बाटलीतलं औषध नाही. पेशंटच्याच चांगल्या त्वचेचा छोटा तुकडा काढून, पेशी सुट्या करून फवारतात, आणि खोल भाजलं असेल तर सोबत जाळीदार केलेली त्वचा लावावीच लागते. चार दिवसांत बरं होणं वगैरे नाही, महिनोन्‌महिने ड्रेसिंग आणि फिजिओ चालतं.

आता बॉडीचं. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या तेव्हा टीम घरी आली होती, मी दाराशीच उभी होते. मांड्या, पाय आणि पाठीवरून कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ थर काढला, रक्त वाहिलं नाही, पाऊण तासात पांढरं बँडेज बांधून मोकळे झाले. मग आम्ही त्यांना इरकली नेसवली. पाया पडायला आलेल्यांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही, आणि चुलतसासरे, जे सकाळी सगळ्यात जास्त चिडले होते, त्यांनी दुपारी स्वतःच त्वचादानाचा फॉर्म मागून घेतला.

मुंबईत सायनच्या पालिका हॉस्पिटलात २००० पासून स्किन बँक, म्हणजे दान केलेली त्वचा साठवायची सोय, आहे, ऐरोलीच्या बर्न्स सेंटरमध्येही आहे. रक्तगट जुळवावा लागत नाही, शुगर-बीपी असलं तरी चालतं, एचआयव्ही किंवा बी, सी कावीळ असेल तर नाही चालत. काढलेली त्वचा ग्लिसरॉल नावाच्या द्रवात ५ वर्षांपर्यंत टिकते. फक्त माणूस गेल्यापासून ६ तासांच्या आत काढावी लागते, म्हणून रडारड चालू असतानाच कोणीतरी एकाने स्किन बँकेला फोन लावायचा आणि डॉक्टरांचं डेथ सर्टिफिकेट हाताशी ठेवायचं.