लोगो बदलताना काय ठेवायचं ते आधी ठरवा

कंपनीचा नवा लोगो आला की चर्चा 'छान दिसतोय' नाहीतर 'आधीचाच बरा होता' एवढ्यावर संपते. माझं मत ठाम आहे. वापरातली खरी अडचण सुटत असेल आणि गिऱ्हाईक ज्या खुणेवरून माल ओळखतं ती शाबूत राहत असेल, तरच लोगो बदलावा. केवळ नवा मार्केटिंग प्रमुख आला म्हणून केलेला बदल म्हणजे वाया घालवलेला पैसा.

ट्रॉपिकानाचं प्रकरण प्रत्येक डिझायनरने नीट अभ्यासावं. जानेवारी २००९ मध्ये पेप्सिकोने अमेरिकेत या ज्यूसच्या खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढलं, तिथे रसाचा ग्लास छापला आणि आडवं नाव उभं केलं. दोन महिने व्हायच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली. फेब्रुवारीतच जुनं खोकं परत आणत असल्याचं जाहीर करावं लागलं. दुकानातल्या फ्रीजसमोर उभा माणूस वाचत बसत नाही. ओळखीचा रंग, ओळखीचा आकार शोधतो. संत्रं दिसेना, आणि नवं खोकं दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त ज्यूससारखं दिसू लागलं. अर्ध्या संत्र्याच्या आकाराचं नवं झाकण मात्र खरंच चांगलं होतं.

याउलट मास्टरकार्ड. २०१६ मध्ये पेंटाग्राम या डिझाइन कंपनीने दोन वर्तुळांच्या मधले आडवे पट्टे काढून तिथे सपाट नारिंगी रंग भरला आणि वर्तुळांवरचं नाव खाली उतरवलं. मोबाइलच्या पडद्यावर असे बारीक पट्टे गिचमिड होतात, ती अडचण गेली. लाल-पिवळी वर्तुळं १९६८ पासूनची, त्यांना धक्का लावला नाही. म्हणूनच २०१९ मध्ये नाव काढून नुसती वर्तुळं ठेवणंही पेललं.

किया या मोटार कंपनीने २०२१ मध्ये अक्षरं एकमेकांना जोडली, 'ए'मधली आडवी रेघ गाळली. परिणामी अनेकांना ते 'केएन' दिसतं आणि लोक गुगलवर 'केएन कार' शोधू लागले. अनोळखी माणसाला दाखवून 'काय वाचलंत?' एवढं विचारलं तरी असा घोळ आधीच कळतो.

मंजुरीआधी लोगो १६ पिक्सेलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवरच्या चिन्हाएवढा करून बघा. एका रंगात, रबरी शिक्क्यावर बघा. शर्टाच्या खिशावर भरतकाम करून बघा, बारीक रेघा दोऱ्यात बुजतात. रंगछटा एकमेकांत विरघळणारा लोगो व्हिनाइल कटिंगला, म्हणजे एकरंगी चिकट कागदातून आकार कापायला, चालत नाही, आणि पाटीच्या अक्षराची रेघ फार बारीक असेल तर आत एलईडी मॉड्यूल बसत नाही. पडद्यावरचा झगझगीत केशरी चार शाईंच्या छपाईत मळकट येतो. म्हणून पँटोन क्रमांक, म्हणजे छापखान्याला नेमकी शाई सांगणारा रंगाचा क्रमांक, पहिल्याच दिवशी ठरवा.

आणि देवनागरी! महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, तरी बहुतेक लोगो फक्त इंग्रजीत घडवले जातात. मग दोन्ही नावांची एकूण उंची सारखी केली जाते. वेलांटी वर जाते, उकार खाली उतरतो आणि मूळ अक्षर खुजं होतं. साधारणपणे शिरोरेषा इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या माथ्याशी जुळवावी, वेलांटी-उकारांना वर-खाली वेगळी जागा सोडावी आणि रेघांची जाडी डोळ्यांनी जुळवावी. हे काम डिझायनरकडूनच, मूळ लोगोबरोबरच करून घ्या. नाहीतर पाटीवाला संगणकात हाताला लागेल तो फाँट टाकतो आणि लाखो रुपये मोजून घडवलेला लोगो निम्म्या पाटीवर दिसतच नाही.