‘लिनक्सवर मोडेम चालायचाच नाही’ म्हणे!

डायल-अपच्या आठवणी निघाल्या की एक मजकूर हमखास फिरत येतो. गेल्या महिन्याभरात तो मला तिघांनी पाठवला. त्यातला एक तर त्या काळी माझ्याच टेबलापाशी बसून मेल बघून जायचा! मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्सवर डायल-अप मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट जोडणारं यंत्र, कधी धड चाललाच नाही. फुकटच्या सिस्टिमला मोडेम ओळखताच येत नसे. ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम, लिहायची त्या हौशी मंडळींची कुवत नव्हती. नेट लावायचं तर आधी कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सोर्समधून स्वतः बांधा (कंपाईल करा). एवढं करून लाइन जोडली तरी पानं उघडायची नाहीत. विंडोजवर मात्र दोन क्लिकमध्ये काम. आणि शेवटी टोला, की त्या खटपटीत घातलेले तास पाण्यात गेले.

त्या तासांतले बरेचसे माझे आहेत, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नसावी.

‘ओळखताच येत नसे’ इथे तर लिहिणाऱ्याचा नेम फारच चुकलाय. लिनक्सचा जन्मच मोडेमपायी झाला. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने घरच्या ३८६ पीसीवर एक टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे दूरच्या मशिनवर काम करू देणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला, विद्यापीठातल्या युनिक्स मशिनला मोडेमवरून फोन लावता यावा म्हणून. त्यात फाइली उतरवून घ्यायची सोय हवी, म्हणून डिस्कचा ड्रायव्हर हवा, असं करत करत त्याची ऑपरेटिंग सिस्टिम झाली. पुढचा किस्सा त्यानेच सांगितलाय. एकदा मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच ‘डायल’ केलं, त्या आज्ञा डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि तो तोवर वापरत असलेल्या मिनिक्स या सिस्टिमचा डिस्कवरचा भाग (पार्टिशन) उडाला. मिनिक्स परत टाकण्यापेक्षा आपलंच पुढे नेऊ, असं मग त्याने ठरवलं.

शिवाय सिरियल पोर्टला लावायच्या बाहेरच्या मोडेमला ‘ओळखायचं’ काही नसतंच. त्याला आज्ञा द्यायची भाषा हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून ठरलेली: ‘एटी’ने सुरू होणाऱ्या ओळी. डॉस-विंडोजमधला कॉम-१ तो लिनक्समधला टीटीवाय-एस-शून्य, एवढाच नावाचा फरक. मिनिकॉम हा पोर्टशी थेट बोलायचा प्रोग्रॅम उघडायचा, एटी टाइप करून एंटर मारायचा. खाली ‘ओके’ उमटलं की मोडेम जिवंत आहे. एटीडीटी आणि पुढे नंबर दिला की आधी डायलचा टुकटुकाट, मग ती ओळखीची किरकिर आणि घरघर, आणि मग ‘कनेक्ट’. यात ड्रायव्हर म्हणाल तर सिरियल पोर्टचा, आणि तो कर्नेलमध्ये पहिल्यापासून होता.

मग इतक्या लोकांचे मोडेम चालत का नव्हते? कारण त्यांच्या डब्यात पूर्ण मोडेम नव्हताच.

माझ्याही नव्हता. २००१ मध्ये असेंबल करून घेतलेल्या पीसीत ‘५६के मोडेम’ म्हणून एक पीसीआय कार्ड बसवलेलं होतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं आणि मोडेम गायब. कार्ड काढून हातात घेतलं तर त्यावर एक मोठी चिप, एक छोटी, आणि फोनच्या सॉकेटामागे दोन-चार काळे ठोकळे. बाकी पाटी कोरी. पुढे मित्राचा बाहेरचा मोडेम उघडून पाहिला तेव्हा फरक कळला. खऱ्या मोडेममध्ये तीन कामं असतात. एटी आज्ञा समजून घेणं, चुका दुरुस्त करणं आणि डेटा दाबणं हे कंट्रोलरचं. आकड्यांचे सूर आणि सुरांचे आकडे करणं हे सिग्नल प्रोसेसरचं. आणि ते फोनच्या तारेवर चढवणं-उतरवणं हे तिसरं. स्वस्त कार्डात पैसे वाचवायला पहिलं काम काढून टाकलं, काहींत दुसरंही, आणि ते पीसीच्या प्रोसेसरवर ढकललं. गिऱ्हाइकाला मिक्सरचं नुसतं भांडं विकायचं आणि ‘मोटर काय, तुमच्या घरात पंखा आहेच की’ म्हणायचं, तसलं हे. यांना सगळे सरसकट विनमोडेम म्हणत. नाव यूएस रोबोटिक्सचं होतं, पण चिकटलं सगळ्यांनाच.

म्हणजे मोडेमचा जीव त्या विंडोजच्या ड्रायव्हर-फाइलीत होता आणि ती फाइल बंद, तिचा सोर्स कुणाला दाखवत नसत. तेच कार्ड डॉसमध्येही मुकंच असायचं. डॉसला ‘मोडेम ओळखता येत नाही’ असं मात्र कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता ‘कुवत नव्हती’. १९९९ च्या सुमारास फाब्रिस बेलार्डने, पुढे एफएफएमपेग (व्हिडिओसाठी) आणि क्यूएमू (मशिनची नक्कल करणारा) हे प्रोग्रॅम ज्याने सुरू केले त्याने, लिनमोडेम नावाचा सगळं काम सॉफ्टवेअरमध्येच करणारा खुला मोडेम लिहायला घेतला होता. कुवतीचा प्रश्न नव्हता. अडत होतं ते वेगळीकडे: चिपची माहितीपत्रकं कंपन्या देत नसत, आणि ३३.६ व ५६ किलोबिट वेगाच्या मानकांवर पेटंटांची जाळी होती. जिथे कंपनीने हात दिला तिथे काम झालं. थिंकपॅड ६०० लॅपटॉपमधल्या एमवेव्ह मोडेमचा ड्रायव्हर आयबीएमने खुला केला, तो थेट कर्नेलमध्ये गेला. ल्यूसंट या चिप कंपनीने सोर्स न देता निम्मा बंद ड्रायव्हर ठरावीक कर्नेलसाठी सोडला, तर स्वयंसेवकांनी त्याला खुला अंगरखा शिवून पुढच्या कर्नेलांवर वर्षानुवर्षं चालवलं.

कोनेक्संटच्या चिपांसाठी लिनक्संट नावाची कॅनडातली कंपनी ड्रायव्हर विकायची. फुकटच्या आवृत्तीला वेग १४.४ किलोबिटवर बांधलेला, पुढचा हवा तर पैसे मोजा. तेही चाललं असतं. पण २००४ मध्ये उघड झालं की त्यांच्या मॉड्यूलने परवाना सांगताना ‘जीपीएल’ (लिनक्सचा खुला परवाना) या अक्षरांनंतर एक शून्य बाइट टाकलाय आणि खरा मजकूर त्याच्या पुढे. सी भाषेत शून्य बाइटला वाक्य संपतं, त्यामुळे कर्नेल ‘जीपीएल’ एवढंच वाचून खूश! परवाना खुला नसला की कर्नेल देतो ते इशारे सारखे येऊन गिऱ्हाईक गोंधळतं म्हणून असं केलं, असा त्यांचा खुलासा होता. कुणाला पटो न पटो, ड्रायव्हर न येण्यामागे ‘हौशी मंडळींची कुवत’ शोधणाऱ्याने हा बाइट एकदा बघावा.

कर्नेल कंपाईल करण्याबद्दल मात्र मजकुराला निम्मे मार्क देतो. बाहेरचा मोडेम असेल तर अजिबात गरज नसे. पीपीपी (फोनवरून नेट चालवायची पद्धत) आणि सिरियल दोन्ही सीडीवरून मिळणाऱ्या लिनक्सच्या कर्नेलात तयार असायचे. केडीई या डेस्कटॉपमध्ये के-पीपीपी उघडून नंबर, नाव, पासवर्ड भरला की झालं. डब्ल्यूव्हीडायल हा डायल करायचा प्रोग्रॅम तर स्वतःच पोर्ट चाचपून मोडेम हुडकून काढायचा. पण विनमोडेम असेल तर त्याचा ड्रायव्हर आपल्या कर्नेलसाठी बांधावा लागे. त्यासाठी कंपायलर आणि कर्नेलचा सोर्स हवा, आणि तो ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, जे नाही म्हणून तर हा सगळा उद्योग! मी सायबर कॅफेतून तो फ्लॉपीवर आणला. घरी आलो, तर फ्लॉपी शेवटच्या काही केबीवर अडकली. दुसऱ्या दिवशी दोन फ्लॉप्या नेल्या, दोन्हींवर तीच फाइल. ज्याच्या गावात कॅफेच नव्हता त्याने काय करायचं, याला लिनक्सवाल्यांकडे उत्तर नव्हतं. ‘हाउटू (मदतपुस्तिका) वाच’ हे उत्तर नव्हे. हाउटू इंग्रजीत, आणि लांबलचक.

पानं न उघडण्याचा मुद्दा घेऊ. लाइन जुळते, पण ब्राउझर ढिम्म. यातली बहुतेक दुखणी दोन-तीनच होती आणि एकेका ओळीत बरी व्हायची. आयपी पत्त्याला पिंग जातो पण नावाला जात नाही, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारा नेमसर्व्हर मिळालेला नाही. पीपीपी चालवणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रॅमला ‘यूजपीअरडीएनएस’ सांगा. मशिनमध्ये लॅन कार्ड असेल तर आधीचा डीफॉल्ट रूट (नेटकडे जायची ठरलेली वाट) तिकडे बोट दाखवत बसतो, आणि पीपीपीडी सज्जन, तो आधीचा रूट स्वतःहून हटवत नाही. लॉगमध्ये तसं चक्क लिहितो. आपण लॉग वाचत नाही ती गोष्ट वेगळी. कधी तो समोरच्या सर्व्हरकडेच ओळखपत्र मागायचा, कारण पीपीपीडी दोन्ही टोकांना चालणारा प्रोग्रॅम, आपण फोन करणारे की घेणारे हे त्याला सांगावं लागतं. ‘नोऑथ’ लिहिलं की गप्प. आणि सर्व्हर लॉगिन न विचारता सरळ पीपीपीत बोलायला लागत असेल तर डब्ल्यूव्हीडायलमध्ये ‘स्टुपिड मोड’ चालू करायचा. नाव खरंच तेच आहे.

‘दोन क्लिक’चं बोलायचं तर आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा अडथळा होता ‘नो डायलटोन’. आपल्या एक्स्चेंजचा डायल टोन अमेरिकेतल्या टोनसारखा नाही, त्यामुळे तिकडच्या बेतावर बनलेले काही मोडेम तो ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. उपाय लिनक्समध्ये एटी-एक्स-३ ही आज्ञा: टोनची वाट न बघता डायल कर. विंडोजमध्ये काय करायचे? मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘डायल टोनची वाट पाहा’वरची टिक काढायचे, आणि ती टिक काढली की आतून जायचं ते हेच एक्स-३. जुन्या एक्स्चेंजवर नंबर फिरवायला टोनऐवजी पल्स लागायचा, तोही दोन्हीकडे तितकाच. आणि वरच्या मजल्यावर आजीने पॅरलल फोन उचलला की कुठल्याही सिस्टिमवर लाइन तुटायची.

राहता राहिले पाण्यात गेलेले तास.

२०१० मध्ये गावी गेलो होतो. भाच्याने मोबाइलच्या नेटवर्कवरून नेट देणारा यूएसबीचा डाँगल आणला होता, सीडीएमएवाला. त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू. डाँगल लावला तर नेटऐवजी सीडी ड्राइव्ह दिसायला लागला, आत विंडोजचा इन्स्टॉलर. ‘मामा, हे लिनक्सवर चालत नाही,’ असं त्याने जाहीर करून टाकलं. तो डाँगल आधी सीडी असल्याचं सोंग घेतो आणि विशिष्ट निरोप मिळाला की मोडेम होतो. यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम तो निरोप देतो. त्याचं पॅकेज मी घरून पेनड्राइव्हवर आणलं होतं, फ्लॉपीची शिकवण विसरलो नव्हतो. सोंग उतरलं, टीटीवाय-यूएसबी-शून्य उगवला. मिनिकॉममध्ये एटी टाइप केलं. ‘ओके’. मग माझी २००१ पासून जपलेली डब्ल्यूव्हीडायलची फाइल काढली, पोर्ट बदलला, नाव-पासवर्ड बदलले, फोन नंबराच्या जागी सीडीएमएचा ठरलेला #७७७ लिहिला. स्टुपिड मोडची ओळ होती तशीच राहू दिली.

‘कनेक्ट’ आलं तेव्हा भाचा विचारत होता, ‘आवाज कसा नाही आला?’