आधी पडद्यावरची ओळ तरी वाचा

"काका, तुमचं लिनक्स बिघडलं." लोकमान्यनगरातल्या ओळखीच्या एका मुलाने काल रात्री फोन करून मला हे ऐकवले. माझे कसे? लॅपटॉप त्याचा, त्यावरचे विंडोज काढून लिनक्स ही प्रणाली घालण्याचा हट्ट त्याचा, आणि लिनक्सच्या प्रकारांतले सोपे उबुंटू नको, सगळे मनासारखे बदलता येते म्हणून आर्चच हवे, हा आग्रहही त्याचाच होता.

एका फोल्डरात फाइल ठेवता येईना, 'परमिशन डिनाइड' असे उत्तर येई, एवढीच मूळ अडचण. त्या फोल्डरचा मालक कोण, हे 'एलएस -एलडी' ही कमांड दिल्यावर एका ओळीत दिसले असते. या चिरंजीवांनी कुठून तरी 'सुडो सीएचमॉड -आर ७७७' ही फाइलींच्या परवानग्या बदलणारी कमांड उचलली आणि त्यापुढे नुसती तिरकी रेघ दिली, म्हणजे अख्ख्या यंत्रणेतल्या फाइली मुळापासून सगळ्यांना लिहायला मोकळ्या केल्या. सुडो या कमांडला रूटचे, म्हणजे यंत्रणेच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार मिळवून देणारी सेटयूआयडी ही खूणही त्यात पुसली गेली आणि सुडोच चालेनासे झाले. पडद्यावर काय आले आहे, असे विचारले तर म्हणतो, "काहीतरी एरर आहे, काका." ते 'काहीतरी' मी हट्टाने वाचून घेतले, तेव्हा सेटयूआयडी बिट हवा, असे त्यात स्वच्छ लिहिलेले निघाले! इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला एक ओळ वाचण्याचा एवढा कंटाळा का यावा?

२००२ साली सुरू झालेल्या आर्चने आपण कोणासाठी आहोत हे कधी लपवलेले नाही. कागदपत्रे वाचून आपले प्रश्न आपण सोडवणाऱ्यासाठी ही प्रणाली आहे, असे त्यांच्या विकीवर लिहिलेले आहे. अर्धवट अपडेट चालणार नाही, हेही तिथेच आहे; तरी 'पॅकमन -एसवाय' ही कमांड देऊन, बाकीची यंत्रणा जुनीच ठेवून एकच पॅकेज, म्हणजे प्रोग्राम, चढवणारे आणि मग त्याला लागणारी लायब्ररी जुळत नाही म्हणून गळा काढणारे मला नेहमी भेटतात. ज्यांना यात पडायचे नाही त्यांच्यासाठी मिंट हा लिनक्सचा आणखी एक सोपा प्रकार आहे, उबुंटू २४.०४ आहे, त्याला ५ वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात, आणि ते वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. पण सगळे बदलण्याचे स्वातंत्र्य तुम्ही मागून घेतलेत, तर 'मॅन सीएचमॉड' हे त्या कमांडचे माहितीपान उघडण्याचे कष्टही तुमचेच आहेत. ते रामबागेतल्या काकांनी रात्री अकरा वाजता का उपसावेत?

अडलेल्याला मी आजवर नाही म्हटलेले नाही आणि पुढेही म्हणणार नाही. मात्र फोन करण्यापूर्वी एररची ओळ जशीच्या तशी लिहून घ्या, शेवटी कोणती कमांड दिली तेही सांगा, आणि "मी काहीच केलं नाही" हे तर मुळीच ऐकवू नका. ज्यात तुम्ही कमांडा देता ते बॅश त्या होम फोल्डरातल्या हिस्टरीच्या फाइलीत लिहून ठेवते, आणि मी सगळ्यात आधी तीच उघडतो.