"अमेरिकेत उमेदवार जनताच ठरवते" वाल्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड फिरतंय: "अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार सामान्य माणूस थेट मत देऊन ठरवतो, त्यांच्या घटनेतच तसं लिहिलंय, पहिल्यापासून असंच आहे, पार्टीला त्यात काडीचा अधिकार नाही. आपल्याकडं मात्र वरून एबी फॉर्म येतो." एबी फॉर्मबद्दल भांडत नाही, ते खरंच आहे. बाकीचं बघू.

"घटनेत लिहिलंय." कुठं? तिथल्या घटनेत राजकीय पक्षांचाच उल्लेख नाही, प्रायमरी (म्हणजे पार्टीचा उमेदवार निवडायला राज्याराज्यांत होणारं मतदान) तर लांबच. नियम राज्यांचे कायदे आणि पार्ट्या मिळून ठरवतात. 2020 ला ट्रम्प खुर्चीवर होते तर साउथ कॅरोलायना, नेवाडा वगैरे राज्यांत रिपब्लिकन पार्टीनं मतदान घेतलंच नाही, कॅन्सल.

"पहिल्यापासून असंच आहे." अहो 1968 ला ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅट्सचे उमेदवार झाले, शिकागोला उमेदवार पक्का करणाऱ्या पार्टीच्या अधिवेशनात आत नेत्यांचं जमवाजमवीचं काम चाललेलं आणि बाहेर पोलीस युद्धविरोधी पोरांना बडवत होते, टीव्हीवर सगळ्या देशानं बघितलं, इतकी नाचक्की झाली की नियम बदलावे लागले आणि 1972 पासून प्रायमरीला खरं वजन आलं. तरी नेत्यांना करमेना, म्हणून अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींत, म्हणजे डेलिगेट्समध्ये, 1984 पासून सुपरडेलिगेट आणले, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पार्टीचे पदाधिकारी, ज्यांना कुणाच्या मताशी बांधिलकी नाही. 2018 ला त्यांचे हात थोडे बांधले, चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत त्यांना मत नाही.

"मत थेट उमेदवाराला." मताचे डेलिगेट होतात, आणि कसे होतात ते पार्टीच्या नियमावर. 2016 ला फ्लोरिडात ट्रम्पना निम्म्याहून कमी मतं पडली, डेलिगेट मात्र 99 पैकी 99. डेमोक्रॅट्सकडं मतांच्या प्रमाणात वाटप, पण 15 टक्क्यांच्या खाली गेलात की भोपळा.

आणि 2024 विसरलात का? प्रायमरी जिंकल्या बायडन यांनी, 21 जुलैला ते बाजूला झाले, ऑगस्टच्या सुरुवातीला डेलिगेट्सनी ऑनलाइन मत देऊन कमला हॅरिसना उमेदवार केलं. नियमात बसतं, पण हॅरिस यांच्या नावावर त्या वर्षी एकाही प्रायमरीत शिक्का पडला नव्हता.

आता फॉरवर्डवाल्याच्या बाजूचं पण सांगतो, कारण ते त्यानं लिहिलंच नाही. 2016 ला रिपब्लिकन पार्टीतल्या बऱ्याच बड्या लोकांना ट्रम्प नको होते. 2012 चे त्यांचेच उमेदवार मिट रॉम्नी यांनी मार्चमध्ये ट्रम्पविरुद्ध उघड भाषण ठोकलं. मतदारांनी त्या भाषणाकडं ढुंकूनही बघितलं नाही, ट्रम्पनाच निवडलं. हे एवढंच टाकलं असतं तर मी पण अंगठा दिला असता.